मुरड घातलेली पिन

मी आयुष्यात एकदाच मोटार दुरुस्त केली. माझा हात लागल्यावर ती मोटार चाळीस किलोमीटर चालली आणि संभाजीनगरला मुकुंदवाडीच्या तोंडाशी येऊन तिचं पुढचं डावं चाक किंचाळत बसलं.

नातवंडं विचारतात, "आजी, येत नव्हतं तर हात कशाला लावलास?" आता त्यांना काय सांगू? मी तेव्हा पन्नाशीत होते. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, ही शंका माझ्या मनाला त्या वयात शिवतसुद्धा नव्हती. सासू थकलेली, नवरा ऑफिसात, मुलं शिकायला बाहेर, आणि घरातली झाडून सगळी झाकणं, कुलपं, माणसं माझ्या ताब्यात.

झालं असं, की नणंदेच्या लेकीचं डोहाळजेवण होतं अजिंठ्याला, आणि आम्ही आदल्या दिवशीच निघणार होतो. आमचं गाव बदनापूरजवळ. संभाजीनगरवरून पुढं जायचं. आमच्याकडं एक जुनी व्हॅन होती, ह्यांनी ऑफिसातल्या कुणा निवृत्त साहेबांकडून घेतलेली. बसणार हे, सासूबाई आणि मी, चालवणार होते माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणायचे आणि त्यांच्या पाठीमागं वेंधळे म्हणायचे. कधीकधी समोरही.

हा प्रवास म्हणजे भाऊजींची परीक्षा होती. शेतात काही निघत नव्हतं, दोन धंदे करून बसले होते. आता त्यांच्या मनानं घेतलं होतं की व्हॅनमधून गावातली पोरं बदनापूरच्या शाळेत न्यायची-आणायची. गाडी ह्यांची. ह्यांनी अट घातली, "अजिंठ्याला नेऊन परत आण. गाडीला काही झालं नाही तर जूनपासून गाडी तुझी. काही झालं, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढं काढायचा नाही."

म्हणून बिचारे सकाळी उठून चाकांच्या मागं लागले होते. डावं चाक जॅकवर उचललेलं, बेअरिंगला नवं ग्रीस भरलेलं, चाकाच्या मधोमध असतो तो मोठा नट बसवलेला. तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली आणि ते आत गेले. मी अंगणात करंज्यांचा डबा घेऊन उभी. सहज चाक धरून हलवलं. हललं. केसभरच, पण हललं.

झालं. लोणच्याच्या बरणीचं झाकण असो, शेगडीची नळी असो, ह्यांच्या शर्टाचं गळ्यापाशी असलेलं बटण असो, सैल दिसलं की माझे हात शिवशिवायचे. डबा खाली ठेवला. पाना नटाला लावला. पान्याच्या दांड्याला नळाच्या पाइपचा तुकडा अडकवला, पाइपवर पाय ठेवला आणि भिंतीला धरून चक्क वर उभी राहिले. नट कुरकुरला. मी आणखी एकदा उभी राहिले. मग त्याच्या भोकातून पिन ओवली, पकडीनं तिची टोकं छान वळवली, वरून पत्र्याची टोपी ठोकली आणि पदराला हात पुसले.

भाऊजी बाहेर आले. "वहिनी, पिन?"

"लावली. तुमची वाट बघत बसले असते तर डोहाळजेवणाऐवजी बारशालाच पोचलो असतो."

ते चाकाकडं बघत राहिले. भाऊजी कधीच काही बोलायचे नाहीत.

चिकलठाणा यायच्या आधी वास सुटला. सासूबाई म्हणाल्या, "कायतरी करपाया लागलंय गं."

"एमआयडीसी आली आई. कंपन्यांचा वास असतो."

मग खालून गुणगुण ऐकू यायला लागली. मी भाऊजींना रेडिओ मोठा करायला सांगितला. आज आठवलं की वाटतं, एवढं डोकं मी चांगल्या कामाला लावलं असतं तर कुठल्या कुठं गेले असते.

चाकातून धूर निघाला तेव्हा रेडिओचा उपयोग संपला. हे खाली उतरले, चाकाकडं बघितलं आणि भाऊजींना एवढंच म्हणाले, "झालं समाधान?" पानटपरीवाल्यानं मान वळवून आमची दशा पाहिली आणि म्हणाला, "शंभर पावलं रेटा हळूहळू. स्टेशनच्या बाजूला उस्तादचं शेड हाय. पण एक सांगतो साहेब, खोटं बोलू नका तिथं. दिवस जाईल तुमचा."

उस्तादांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढं मुकुंदवाडीवरून जाताना मी कितीदा तरी मुद्दाम तिथं थांबले, त्यांच्या घरच्यांशी गप्पा मारल्या, दिवाळीचं फराळाचं दिलं, पण नाव विचारायचं राहून गेलं. सगळे उस्ताद म्हणायचे, मीही म्हणायचे. आता ते शेड बंद आहे. शटरवर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली आहे.

पत्र्याचं लांबडं शेड, त्यात एक जुनं लेथ मशीन, आणि त्या सगळ्या काळ्या-तेलकट पसाऱ्यात हा माणूस दुधासारखा पांढरा शर्ट घालून. मला आधी वाटलं, हे मालक असणार, काम करणारे दुसरे कुणी असतील. दुसरं कुणी नव्हतंच. तो शर्ट संध्याकाळपर्यंत तसाच असायचा. मी एकदा विचारलं, "काळा घातला तर काय होईल?" तर म्हणाले, "काळ्यावर डाग दिसत नाय बाई. डाग पडला म्हंजी मी घाई केली. मला कळाया नको व्हय?"

कपाळावर एक चष्मा, नाकावर दुसरा. लांबचं बघायचं झालं की त्यांची अदलाबदल व्हायची, आणि ती चालू असताना कुणी बोललेलं त्यांना ऐकू यायचं नाही. तसं माणसांचं बोलणं त्यांना कमीच ऐकू यायचं. पण एक लांब स्क्रूड्रायव्हर होता, त्याचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटून अशी मान हलवायचे, जसं कुणी नात्यातलं आतून खुशाली कळवतंय.

आणि सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे त्यांचं अहो-जाहो. ते होतं फक्त गाड्यांना. माणसांना सरसकट अरे-तुरे. आमची व्हॅन फरफटत शेडसमोर आली तेव्हा ते उठून उभे राहिले, बॉनेटवर पंजा ठेवला आणि तिला म्हणाले, "या. लांबून आलात. लई त्रास झाला ना?" मग आमच्या ह्यांच्याकडं वळून, "काय रे, काय केलंस हिला?"

आमचे हे ऑफिसात हेडक्लार्क होते. त्यांना 'काय रे' म्हणणारं माणूस पंचवीस वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. मला एवढा आनंद झाला की दोन मिनिटं मी माझा गुन्हाच विसरले.

शेडच्या दाराशी एक लाकडी बाक होता. तोच त्यांचा बयानाचा बाक. गाडी कुणी बिघडवली, कधी, कशी, हे ज्यानं बिघडवली त्यानं त्या बाकावर बसून, बरोबर आलेल्या सगळ्यांच्या देखत सांगायचं. तोवर उस्ताद फार तर उघडून बघायचे, दुरुस्तीला हात लावायचे नाहीत. लोक चिडायचे, शिव्या द्यायचे, दुसरीकडं जायचे. बरेचसे परत यायचे, कारण चाकाचं काम त्यांच्यासारखं कुणी करत नव्हतं.

एका जीपवाल्याची गोष्ट तर सगळी मुकुंदवाडी सांगायची. मोठा माणूस, गळ्यात साखळी, जीपचा पुढचा दांडा तुटलेला. बाकावर बसून म्हणाला, "नुसती उभी होती हो. उभ्याउभ्या तुटला." उस्ताद म्हणाले, "हौ का? मग ऱ्हाऊ दे उभी." दोन दिवस जीप उन्हात उभी. तिसऱ्या दिवशी त्याचा ड्रायव्हर एकटाच आला, बाकावर बसला, आणि मालकानं पैज लावून नाल्यातून कशी उडवली ते सांगितलं. उस्तादांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुपारपर्यंत जीप चालती केली.

मी त्यांना पुढं एकदा म्हटलं, "तुटलेलं समोर दिसतंय की. कुणी तोडलं हे कळून तुम्हाला काय करायचं?"

ते म्हणाले, "कसं तुटलं ते लोखंड सांगतं. का तुटलं ते त्याला कुठं ठाव? ते तोडणाऱ्याला विचारावं लागतं. नायतर मी आज जोडीन, अन् तो उद्या परत तसंच तोडील."

हे वेड दुकानापुरतं नव्हतं. त्यांच्या पत्नी शेडच्या मागच्या खोलीत राहायच्या. त्या सांगत होत्या, "घरी पण तेच व्हतं ना. कालवणात मीठ जास्त पडलं की इचारायचे, टाकताना कुणाचा इचार करत व्हतीस? एकदा सांगितलं, तुमच्या बहिणीचा. तवापास्नं गप गिळतात."

तर अशा माणसापुढं आम्ही चौघं. सासूबाई करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या, कारण प्रवासात डबा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही असा त्यांचा नेम. उस्तादांनी चाकाची टोपी काढली, पिन बघितली, आणि दुसरा चष्मा नाकावर घेतला. पिन काढून हातरुमालावर ठेवली. नट सोडायला त्यांना अंगातलं सगळं बळ लावावं लागलं. चाक बाहेर आलं, आणि ज्या लोखंडी दांड्यावर ते फिरतं, ज्याला ते लोक स्पिंडल म्हणतात, तो दिसला. मला वाटलं होतं काळा असेल. तो निळा पडला होता, मोरपिसासारखा, आणि मधोमध उंदरांनी कुरतडल्यागत खरवडलेला. बेअरिंग जळून त्याच्यावरच घासत फिरलं होतं.

"आरारा," उस्ताद व्हॅनला म्हणाले. "अन् तरी एवढ्या लांब चालत आलात?" मग बाकाकडं बोट केलं. "कोण बसतंय?"

भाऊजी जाऊन बसले.

"सकाळी मीच बेअरिंग भरलं. पोरांची गाडी करायचीय, शाळेची, म्हणून नीट बघून भरलं. नट मीच आवळला. जास्त आवळला गेला असंल."

ह्यांनी हात झटकले. "ऐकलंत? ह्याच्या हातात मी पोरं देणार होतो!"

आता इथं मी उठायला हवं होतं. उठले नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात दोन विचार आले, आणि दोन्ही हलकट होते. पहिला म्हणजे, वेंधळे वेंधळे म्हणून ज्यांची रोज थट्टा केली त्यांच्यापुढं आता मी काय तोंडानं बसू? आणि दुसरा म्हणजे, गाडी भाऊजींकडं गेली नाही तर माझ्या माहेरच्या फेऱ्या काही बंद पडत नाहीत. मी सासूबाईंच्या पदराची नसलेली सुरकुती काढत बसले.

उस्तादांनी भाऊजींना नवी पिन आणि पकड दिली. "ही घे. सकाळी लावलीस तशी वळवून दाव."

भाऊजींनी टोकं दोन बाजूंना दुमडली, सगळे मेकॅनिक दुमडतात तशी. उस्तादांनी ती आणि रुमालावरची, दोन्ही शेजारी शेजारी धरली. रुमालावरच्या पिनेची टोकं एकमेकांत गुंफून, बारीक चुणी घालून, शेवटाला आत दडवली होती. मीच ती घातली होती आणि घालताना मला ती फार सुंदर वाटली होती.

"चाळीस वर्सं झाली ह्या धंद्यात," उस्ताद म्हणाले, "असली पिन नाय बघितली."

मग ते ह्यांच्याकडं वळले. एका कागदावर बेअरिंगचा नंबर लिहिला आणि म्हणाले, "तू जा रे शहागंजला. तिथं जुन्या दुकानात मिळंल. दोन आण, एक नक्को." हेडक्लार्क साहेब निमूट रिक्षात बसले.

ते गेल्यावर सासूबाईंना उस्तादांची दया आली. सकाळपास्नं माणूस उपाशी दिसतो म्हणून त्यांनी डबा उघडला आणि दोन करंज्या पुढं केल्या. उस्तादांनी हात धुतले, करंजी घेतली, आणि तोंडाशी नेता नेता थांबले. कपाळावरचा चष्मा नाकावर आला. करंजीची कड फिरवून फिरवून पाहिली. मग रुमालावरची पिन उचलली. मग करंजी. मग परत पिन.

"लई सुबक हाय," ते सासूबाईंना म्हणाले. "ही मुरड कुणी घातली?"

माझ्या सासूनं मला बत्तीस वर्षांत कधी चारचौघांत चांगलं म्हटलं नव्हतं. तो मुहूर्त त्यांनी नेमका त्या दिवशी काढला. छाती भरून म्हणाल्या, "आमच्या थोरल्या सूनबाईनं! पंचक्रोशीत असा हात नाय कुणाचा. लग्नाकार्यात मुद्दाम बलावत्यात तिला मुरड घालाया!"

"हौ," उस्ताद म्हणाले. "हात चांगला हाय." आणि करंजी खाल्ली. सावकाश, डोळे मिटून. दुसरीही खाल्ली. मग लेथपाशी स्टूल ओढून पाय पसरून बसले आणि पेपर उघडला.

भाऊजी जमिनीकडं बघत बसलेले. मी उठून लेथपाशी गेले आणि आवाज खाली आणून म्हटलं, "कळलं ना तुम्हाला? मग करा की सुरू. ह्यांना कशाला सांगायचं?"

"बाक तिकडं हाय."

"अहो, पण भाऊजींनी घेतलंय ना स्वतःवर?"

त्यांनी पेपर खाली केला. "मग तू पण घेऊ दे त्याला. माझं काय जातंय? मी बसलोय." आणि पेपर पुन्हा वर.

हे परत आले ते वैतागून. बेअरिंग उस्तादांच्या हातात ठेवलं आणि सगळा राग भाऊजींवर काढला. "तू आता शाळेच्या लोकांना फोन कर. आत्ताच्या आत्ता. सांग की गाडी नाही जमत म्हणून. माझ्यादेखत कर."

भाऊजींनी खिशातून मोबाइल काढला. ते खरंच नंबर शोधायला लागले हो. त्यांचा अंगठा त्या बटणांवरून फिरत होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं, रडू नाही, राग नाही. सवयीचं असल्यासारखं चाललं होतं. ते मला बघवलं नाही. मी गेले आणि बाकावर बसले. एवढ्या जोरात बसले की बाक मागं सरकला.

"फोन ठेवा भाऊजी. नट मी आवळला."

ह्यांनी चष्मा काढून पुसला. "तू?"

"पाना लावून."

"पान्यानं एवढा आवळत नाही."

"पाइप लावला होता. त्यावर पाय ठेवून उभी राहिले. दोनदा."

"आणि वास आला तेव्हा—"

"एमआयडीसी म्हणाले."

"आणि रेडिओ?"

"तो पण मीच मोठा करायला लावला."

सासूबाईंनी डब्याचं झाकण काढलं आणि म्हणाल्या, "मी एक करंजी खाऊन घेती. हे लांबणार दिसतंय."

लांबलं नाही. कारण उस्तादांनी पेपरची घडी घातली, बाह्या दुमडल्या आणि लेथ चालू केलं.

त्यानंतर जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. आधी ह्यांनी घोळ घातला. समोरच वेल्डिंगचं दुकान होतं. ह्यांचं म्हणणं, खरवडलेलं वेल्डिंगनं भरून टाका, तासाभरात मोकळे होऊ. उस्ताद म्हणाले, "भरतो की. आज तू अजिंठ्याला जाशील. पण तापून गार झाल्यावर हे ठिसूळ पडलं अन् जूनमधी पोरं आत असताना मोडलं, तर बाकावर कुणाला बसवू?" ह्यांनी वेल्डिंगचा नाद सोडला. जूनमध्ये पोरं, हे त्यांनी खोडून काढलं नाही, हे मात्र मी टिपून ठेवलं.

दांडा सोडवून लेथवर चढवला. खराब झालेला भाग तेवढा तासून काढला, आणि त्याच्यावर चढवायला लोखंडाचं एक कडं बनवलं. ते कडं आतून दांड्यापेक्षा जराशानं लहानच ठेवलं होतं, एवढ्या जराशानं, की मला दोन्ही सारखीच दिसत होती. थंड असताना ते चढणारच नाही. तापवलं की फुगतं, तेवढ्यात घालायचं, आणि गार झालं की ते दांड्याला असं धरतं की दोन्ही एकच होतात. हातोडा लावायचा नाही. आणि मध्ये अडकलं तर सगळं वाया.

तापवायला स्टो होता आणि त्यावर तेल भरलेली एक काळीकुट्ट कढई. उस्तादांनी कडं तेलात सोडलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ये बाई. तेल किती तापलं ते तुला माझ्यापरीस जास्त कळतंय. सांग."

मी पदर खोचून कढईपाशी बसले. ते तेल काही खायचं नव्हतं, पण तापताना तेल सगळीकडं सारखंच वागतं.

"आत्ता भज्यांचं झालं," मी म्हणाले.

"कमी हाय."

"पुऱ्यांचं... थांबा. हलायला लागलंय बघा वरचं. धूर सुटायच्या बेतात आहे. घ्या! आता घ्या!"

त्यांनी सांडशीनं कडं उचललं, एकदा झटकलं आणि दांड्यावर सोडलं. गपकन खाली गेलं. आवाजसुद्धा नाही झाला. उस्तादांनी आधी शर्टाकडं पाहिलं. डाग नव्हता.

मग ते कडं गार होऊ दिलं, पुन्हा लेथवर घासून मापात आणलं, बेअरिंग चढवलं, चाक लावलं, आणि शेवटी नट बसवायची वेळ आली तेव्हा पाना माझ्यापुढं धरला.

"नको हो," मी म्हणाले.

"आवळ."

मी दोन बोटांनी फिरवला.

"जेवली नाय व्हय? आवळ नीट. चाक फिरवत फिरवत आवळ."

आवळला. चाक जड झालं.

"आता सोड."

माझा हात थांबला. घट्ट बसलेलं सैल करायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं.

"सोड म्हणलं ना. अजून. बास. आता हलव चाक."

हलवलं. हललं. केसभर.

मी म्हणाले, "अहो, हे सकाळी असंच होतं."

"हौ," उस्ताद म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी मला नाही, आमच्या ह्यांना ऐकवलं. "सकाळी त्यानं बराबर केलं व्हतं. बेअरिंग तापल्यावर त्याला एवढी जागा लागती. ह्या पोराचा हात चांगला हाय."

पोरगा चाळीस वर्षांचा होता. तो मान खाली घालून पिन लावत होता, टोकं दोन्ही बाजूंना दुमडून, साधी. ह्यांनी थोडा वेळ खाकरून घेतलं, मग स्टेशनच्या दिशेनं बघत विचारलं, "शाळेची माणसं कधी भेटायचं म्हणाली होती?"

"सोमवारी, दादा."

"सकाळी ये मग. बरोबर जाऊ."

एवढंच. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

निघायच्या आधी उस्तादांनी भाऊजींना लेथच्या मागं बोलावलं. आम्ही गाडीत बसलो होतो. काचेतून दिसत होतं. उस्तादांनी काहीतरी विचारलं, भाऊजी हळू काहीतरी बोलले, आणि तो दोन चष्म्यांचा, पांढऱ्या शर्टाचा, दिवसभर एकदाही न हसलेला माणूस लेथला धरून असा हसायला लागला की कपाळावरचा चष्मा खाली पडला. मी त्यांना पुढंही कितीदा भेटले. पण हसताना एवढं एकदाच पाहिलं. व्हॅनच्या बॉनेटवर थाप मारून त्यांनी तिला निरोप दिला, "सांभाळून जा. घरच्यांना सांभाळून घ्या." आणि पुन्हा हसायला लागले.

मला चैन पडेना. फुलंब्रीला चहाला थांबलो. हे सासूबाईंना धरून उतरवत होते, तेवढ्यात मी भाऊजींना गाठलं.

"उस्ताद एवढे हसले कशाला हो?"

"काय नाय वहिनी."

"भाऊजी."

त्यांनी एकदा ह्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या मिशीत हसू दिसलं.

"त्यांनी इचारलं, सकाळी परत आल्यावर नट जादा आवळलाय हे तुला समजलं असंल, चालवताना चाक जड लागलं असंल, मग उतरून सैल का नाय केलास? मी म्हणलं, उस्ताद, आमच्या वहिनीनं आवळलेलं सैल करणारा आमच्या घरात अजून जन्माला यायचाय."